चव चाखण्याच्या निमित्तानं

शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात १९७०च्या दशकाच्या मध्यावर काही विद्यार्थिनींना एका प्रयोगासाठी बोलावण्यात आलं. चवीचं आकलन कसं होतं याचा अभ्यास आहे, असं त्यांना सांगितलं होतं. काही जणींना आधी एक मिल्कशेक प्यायला दिला, काहींना दोन, काहींना एकही नाही. मग प्रत्येकीसमोर तीन स्वादांचं आईस्क्रीम आलं. चाखून बघा, कागदावर चवीबद्दलचे प्रश्न आहेत त्यांची उत्तरं लिहा, आणि हवं तेवढं खा, आईस्क्रीम भरपूर आहे, असं सांगून त्यांना एकटं सोडण्यात आलं.

चवीबद्दलची ती उत्तरं हा प्रयोगाचा खरा विषय नव्हता. आईस्क्रीम आधी वजन करून ठेवलेलं होतं आणि मुली गेल्यावर उरलेलं पुन्हा तराजूवर चढणार होतं. कोण किती खातं, एवढंच पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या संशोधकांना बघायचं होतं. खाण्याचा अभ्यास करणाऱ्याला असं आडवाटेनंच जावं लागतं. 'आम्ही तुमचं खाणं मोजतोय' असं कळलं की माणूस सावरून बसतो आणि दोन घास कमी घेतो. म्हणून चव चाखण्याचा हा बहाणा खाण्याच्या प्रयोगशाळांत गेली पन्नासहून जास्त वर्षं चालत आला आहे. काम झाल्यावर खरा हेतू सांगून टाकायचा, हे त्यातलं पथ्य.

१९७५ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थिनींनी भरलेल्या प्रश्नावलीवरून त्यांचे दोन गट पाडले होते. एका गटातल्या मुली वजनाची सतत काळजी करत जपून खाणाऱ्या होत्या, दुसऱ्या गटातल्या तसा फार विचार न करता खाणाऱ्या. विचार न करणाऱ्यांचं वागणं कुणीही सांगेल तसंच होतं: शेक जितका जास्त, तितकं आईस्क्रीम कमी. जपून खाणाऱ्यांचं मात्र उलटं झालं. शेक न मिळालेल्यांनी आईस्क्रीम बेतानं खाल्लं आणि शेक पिऊन आलेल्यांनी त्यांच्याहून जास्त खाल्लं.

हर्मन पुढे कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठात गेले आणि जॅनेट पोलिवी यांच्याबरोबर त्यांनी हा धागा अनेक दशकं सोडला नाही. त्यांचं स्पष्टीकरण असं. जपून खाणारी व्यक्ती पोटाचं ऐकून खात नाही, ती मनात आखलेल्या एका रेषेकडे बघून खाते. आज एवढंच, याच्यापुढे नाही. ती रेषा शाबूत असेपर्यंत सगळं आवरलेलं असतं. पण प्रयोगवाल्यांनी हातात शेक ठेवला आणि रेषा ओलांडली गेली, की आजचा दिवस तर मोडलाच, आता उद्यापासून बघू, असं मन म्हणतं. पोटाचं ऐकायची सवय आधीच मोडलेली असल्यामुळे थांबवायला आत कुणी उरत नाही. एकादशीला चुकून काही तोंडात गेलं आणि 'उपास मोडलाच आहे तर जेवूनच घे' असं म्हटलं गेलं, हे ज्या घरांत घडलं आहे तिथे या स्पष्टीकरणाची फोड करायला नको.

यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा कॅलरींचा नाहीच, समजुतीचा आहे. पोलिवींनी १९७६मध्ये पुडिंग खायला देऊन दाखवलं, की त्यात खरोखर किती कॅलरी आहेत यापेक्षा किती आहेत असं सांगितलं जातं यावर जपून खाणाऱ्यांचं पुढचं खाणं ठरतं. २०१०मध्ये याच गटानं पिझ्झाचा प्रयोग केला. सगळ्यांना पिझ्झाचा सारखाच तुकडा दिला. काहींच्या नजरेसमोर दुसऱ्या कुणासाठीचा म्हणून एक लहान तुकडा ठेवला, काहींच्या समोर मोठा. मग नेहमीचा बहाणा: आता ही बिस्किटं चाखून बघा. आपल्याला मोठा तुकडा मिळाला असं ज्यांना वाटलं, त्यांच्यापैकी डाएटवर असलेल्यांनी बिस्किटं जास्त खाल्ली आणि डाएट न करणाऱ्यांनी कमी. दोघांच्याही पोटात गेलेला पिझ्झा तेवढाच होता.

समजूत थेट रक्तापर्यंत पोचते का, हे आलिया क्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येल विद्यापीठात तपासलं. ३८० कॅलरींचा एकच मिल्कशेक त्यांनी त्याच माणसांना दोन वेळा, दोन वेगळी लेबलं लावून दिला. एकदा ६२० कॅलरींचा चैनीचा शेक म्हणून, एकदा १४० कॅलरींचा हलका शेक म्हणून. भुकेशी संबंधित घ्रेलिन या संप्रेरकाचं रक्तातलं प्रमाण दोन्ही वेळा मोजलं. चैनीचा समजून प्यायल्यावर ते जास्त झपाट्यानं खाली आलं. २०११चा हा प्रयोग अवघ्या ४६ जणांवर झाला होता, हे विसरून चालणार नाही. तरी 'भूक शरीराची, खाणं मनाचं' ही सोयीची वाटणी त्यानं हलवली आहे.

या सगळ्यांच्या आधी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एक घड्याळ होतं. स्टॅनली शॅक्टर हे तिथलं सामाजिक मानसशास्त्रातलं मोठं नाव, हर्मन त्यांचे विद्यार्थी. १९६८मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात शॅक्टर यांनी खोलीतलं घड्याळ मुद्दाम बिघडवलं. संध्याकाळी बोलावलेल्या माणसांपैकी काहींना त्यात जेवणाच्या बरीच आधीची वेळ दिसे, काहींना सहा वाजून गेलेले. जवळ खुसखुशीत बिस्किटांचं खोकं होतं. लठ्ठ माणसांनी घड्याळात सहा वाजून गेल्यावर बिस्किटं जास्त खाल्ली. सडपातळ माणसांनी उलट हात आखडला. आता जेवायचंच आहे, कशाला भूक मारायची, असं त्यांचं म्हणणं. यावरून शॅक्टर यांनी सिद्धान्त मांडला, की लठ्ठ माणूस बाहेरच्या खुणांवर खातो आणि सडपातळ माणूस आतल्या भुकेवर.

सिद्धान्त गाजला, पण टिकला नाही. शॅक्टर यांच्याच विद्यार्थिनी ज्युडिथ रोडिन यांनी १९८१मध्ये जमलेल्या पुराव्याचा हिशोब मांडला आणि ही विभागणी खरी नसल्याचं दाखवलं. बाहेरच्या खुणांना भुलणारी माणसं सगळ्या वजनांत सापडतात. गुरूचा आवडता सिद्धान्त शिष्येनं तपासावा आणि तो कमी पडतो असं छापावं, यात त्या विद्याशाखेची तब्येत दिसते. पुढे हीच तब्येत एका ठिकाणी बिघडली, पण ती हकीकत नंतर.

वजन आणि इच्छाशक्ती यांच्याबद्दल बोलताना मिनेसोटा विद्यापीठाला वळसा घालता येत नाही. मिसिसिपी नदीकाठच्या या विद्यापीठात एक मोठं फुटबॉल स्टेडियम होतं आणि त्याच्या बैठकांखालच्या खोल्यांत ॲन्सेल कीज यांची प्रयोगशाळा होती. १९४४च्या नोव्हेंबरात ३६ तरुण तिथे राहायला आले. युद्धात शस्त्र धरायला सदसद्विवेकबुद्धीनं नकार दिलेले हे लोक. युरोपात युद्ध संपत आल्यावर लाखो उपाशी माणसांना पुन्हा खायला घालायचं होतं आणि ते कसं घालायचं याचं शास्त्र कुणाकडे नव्हतं. त्यासाठी या तरुणांनी स्वतःहून उपाशी राहायचं कबूल केलं.

पहिले तीन महिने पोटभर जेवण, दिवसाला सुमारे ३,२०० कॅलरी. मग २४ आठवडे जवळपास अर्धं. बटाटे, सलगम, कोबी, पाव, मॅकरोनी, दिवसातून दोनदा. शिवाय आठवड्याला २२ मैल चालायचं. वजन सुमारे पाव भागानं उतरवायचं होतं आणि ते उतरलं. आज डाएटच्या नावाखाली अनेक जण खातात त्याहून हे जेवण फार कमी नव्हतं, ही गोष्ट वाचताना अंगावर येते.

शरीराला काय झालं याची नोंद कीज यांनी काटेकोर ठेवली. पण माणसं पिढ्यानपिढ्या हा प्रयोग लक्षात ठेवतात ते मनाला जे झालं त्यामुळे. निवडताना शरीरानं आणि मनानं ठणठणीत म्हणून निवडलेले हे तरुण हळूहळू फक्त अन्नाचा विचार करू लागले. ताटली चाटून पुसून ठेवू लागले. जेवण लांबवण्यासाठी घासाघासाला वेळ लावू लागले. पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ज्या पदार्थांना त्यांना हात लावता येणार नव्हता त्यांच्या कृती वाचत बसू लागले. सिनेमात जेवणाचा प्रसंग आला की तोच लक्षात राही. चिडचिड, उदासी, एकलकोंडेपणा वाढला. काही जणांनी चोरून खाल्लं, त्यानंतर एकट्यानं बाहेर जायला बंदी झाली. एकानं लाकूड फोडताना स्वतःची बोटं तोडून घेतली. तो अपघात होता की हेतू, हे त्याला स्वतःलाही पुढे ठामपणे सांगता आलं नाही. पुन्हा खायला मिळू लागल्यावरही भूक शमेना. पोट फुटेस्तोवर खाऊनही काहींना आपण उपाशी आहोत असंच वाटत राही.

कीज यांचा दोन खंडांचा ग्रंथ १९५०मध्ये आला. पण मदतकार्य करणाऱ्यांना तोवर थांबायला वेळ नव्हता, म्हणून मानसिक परिणामांवर एक छोटी पुस्तिका आधीच, १९४६मध्ये काढण्यात आली होती. तत्त्वासाठी तुरुंगवासही पत्करायला तयार असलेल्या, निग्रहात कमी नसलेल्या माणसांची ही गत झाली. इच्छाशक्ती कमी पडली असं त्यांच्याबद्दल कोण म्हणेल?

नेमका हाच प्रश्न आज त्याच विद्यापीठातल्या ट्रेसी मॅन विचारतात. त्यांच्या प्रयोगशाळेचं नावच आरोग्य आणि खाण्याची प्रयोगशाळा असं आहे. तिथे येण्याआधी त्या लॉस एंजेलिसमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात होत्या. तिथे २००७मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी डाएटवरच्या ३१ दीर्घकालीन अभ्यासांची छाननी केली. चित्र साधारण सगळीकडे सारखं होतं. पहिल्या सहा महिन्यांत वजनाचे पाच ते दहा टक्के उतरतात, मग ते परत चढू लागतं. चार-पाच वर्षांत किमान एकतृतीयांश ते दोनतृतीयांश माणसं जेवढं उतरवलं होतं त्याहून जास्त वजन कमावून बसतात. किमान म्हणायचं कारण असं, की ज्यांचं वजन परत वाढलं ते पुन्हा मोजून घ्यायला येतच नाहीत आणि अभ्यासातून गळतात.

मॅन यांचं म्हणणं त्यांनी २०१५च्या पुस्तकात सविस्तर मांडलं आहे. उपाशी शरीर थोड्या अन्नात भागवायला शिकतं, भुकेची संप्रेरकं वाढतात, आणि मेंदूचं लक्ष अन्नाकडे ओढलं जातं. स्टेडियमखालचे तरुण पाककृती वाचत बसले त्याचं हेच सौम्य रूप. आपण मात्र सगळा दोष त्या माणसाच्या माथी मारतो. वधूवरसूचक मंडळापासून डॉक्टरांच्या केबिनपर्यंत जाड माणसाला ऐकवलं जातं, की जरा तोंडावर ताबा ठेवा. ऐकवणाऱ्याला ही काळजी वाटते, ऐकणाऱ्याला ती शरम म्हणून लागते. शरमेनं वजन उतरल्याचा पुरावा या संशोधनात कुठेही दिसत नाही. लठ्ठपणावरून होणारी हेटाळणी हा तणाव आहे आणि तो शरीरावर परिणाम करतो, हे मात्र त्यात दिसतं.

याच प्रयोगशाळेनं आणखी एका लाडक्या समजुतीला हात घातला. मन उदास झालं की आवडीचं काहीतरी खावं, बरं वाटतं. पैसे दिले होते नासानं, कारण अंतराळवीर मोहिमेवर असताना पुरेसं खात नाहीत आणि त्यांना आवडीचे पदार्थ पाठवून मन रमेल का, हा प्रश्न होता. लोकांना त्यांचा जीव रमवणारा पदार्थ कोणता हे आधीच विचारून ठेवलं. मग त्यांना चित्रपटांतले असे तुकडे दाखवले, की राग, भीती, दुःख सगळं दाटून यावं. त्यानंतर कधी तो खास पदार्थ दिला, कधी दुसरा काही, कधी काहीच नाही. मन बरं झालं. पण ते सगळ्यांचंच सारख्या गतीनं झालं, काहीच न खाल्लेल्यांचंही. २०१४मध्ये हे निष्कर्ष आले. आईच्या हातच्या खिचडीची किंमत त्यामुळे कमी होत नाही; पण दुःख ओसरण्याचं श्रेय थोडं आपल्या स्वतःच्या मनालाही द्यावं लागतं.

खाण्यावर ज्यांचा प्रभाव भक्कमपणे सिद्ध झाला आहे त्यांतली एक गोष्ट साधी आहे: सोबत. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात जॉन द कास्ट्रो यांनी लोकांना आठवडाभर वही दिली आणि काय खाल्लं, किती, कुणाबरोबर हे लिहून ठेवायला सांगितलं. १९८९च्या त्यांच्या अभ्यासात सोबतीनं केलेलं जेवण एकट्यानं केलेल्या जेवणाहून ४४ टक्के मोठं निघालं. माणसं वाढत गेली तसं जेवण वाढत गेलं. ही माणसं ओळखीची, जिव्हाळ्याची असावी लागतात. बर्मिंगहॅम विद्यापीठात सुझान हिग्ज आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये जुने अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मित्रमंडळींबरोबर हा परिणाम स्पष्ट दिसला, अनोळखी लोकांबरोबर नाही. परक्या माणसासमोर आपण हात आखडतो, कारण आपण खादाड दिसू नये असं वाटतं.

नेदरलँड्समधल्या नायमेखन इथे तर घासांचाच हिशोब ठेवला गेला. तरुणींच्या ७० जोड्या जेवताना चित्रित केल्या आणि कोण कधी घास घेते ते बघितलं. एकीनं घास घेतला की पुढच्या पाच सेकंदांत दुसरीनं घेण्याची शक्यता वाढत होती, आणि जेवणाच्या सुरुवातीला ती सर्वांत जास्त होती, जेव्हा ओळख नवी असते. टोरांटोच्या गटानं यापुढे जाऊन विचारलं, की हे लोकांच्या लक्षात येतं का? स्वतःबद्दल विचारलं तर माणसं सांगतात, भूक होती, चव आवडली, म्हणून एवढं खाल्लं. दुसऱ्या कुणाचं चित्रण दाखवलं, की मात्र त्यांना शेजारच्याचा प्रभाव बरोबर दिसतो.

लहान मुलं तर याहून लवकर बदलतात. लीअन बर्च यांनी १९८०मध्ये शिशुशाळेतल्या मुलांचा अभ्यास केला. एखादी भाजी नावडती असलेल्या मुलाला ती आवडणाऱ्या मुलांच्या टेबलावर जेवायला बसवलं. चार दिवसांत ते मूल ती भाजी घेऊ लागलं. पुढे त्यांच्या गटानं सूपवरही एक प्रयोग केला. काही मुलांना 'संपव बरं सूप' असं जेवताना बजावलं जाई, काहींना काहीच म्हटलं जात नसे. बजावलेल्या मुलांनी कमी खाल्लं आणि कुरकुर कितीतरी जास्त केली. 'पानात टाकायचं नाही' हा आपल्याकडचा नियम अन्नाबद्दलच्या आदरातून आला आहे आणि तो आदर खरा आहे. पण सात घास मोजून भरवणाऱ्या प्रत्येक आजीनं आणि आईनं या सूपाबद्दल ऐकायला हवं.

पंगतीत हे सगळं एकत्र येतं. शेजारी ओळखीचे, एकाच वेळी सुरू होऊन एकाच वेळी संपणारं जेवण, वाढणाऱ्याचा आग्रह, आणि पान रिकामं दिसलं की पुन्हा पडणारी जिलबी. वरच्या प्रयोगांतली माणसं मात्र बहुतांशी अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, नेदरलँड्समधली, त्यातही विद्यापीठातल्या तरुण मुली, त्यातही टेबलाशी दोघी-तिघी बसलेल्या. आग्रह ही गोष्ट त्या खोल्यांत नसते. उपासतापास, सोवळं, कुणाच्या हातचं चालतं आणि कुणाच्या हातचं नाही, हेही तिथे नसतं. भारतात 'कुणाबरोबर जेवतो' या प्रश्नावर माणसांची आयुष्यं ठरली आहेत. महाडच्या तळ्यापासून सहभोजनांपर्यंतचा इतिहास ज्या महाराष्ट्रात घडला, तिथल्या विद्यापीठांत खाण्याच्या सामाजिक मानसशास्त्राला मोठी जागा मिळायला हवी.

किळस आणि चव हीसुद्धा शिकलेली असतात हे दाखवण्यात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पॉल रोझिन यांचं आयुष्य गेलं. १९८६च्या एका प्रयोगात त्यांनी लोकांसमोर एकाच पाकिटातली साखर दोन बाटल्यांत ओतली आणि दोन चिठ्ठ्या त्यांच्याच हातात दिल्या, एक साखरेची, एक सायनाइडची. हव्या त्या बाटलीवर हवी ती लावा. स्वतःच्या हातानं चिठ्ठी लावूनही लोक सायनाइडच्या बाटलीतल्या साखरेचं पाणी प्यायला कचरत होते. त्याआधी त्यांनी मेक्सिकोच्या ओआहाका राज्यात, एका डोंगराळ गावात, मिरचीचा माग काढला. जन्मभर मिरचीचं उष्टं खाल्लेली तिथली डुकरं आणि कुत्री बिनमिरचीचं दिसलं की तेच आधी उचलत. पाच-सहा वर्षांची मुलं मात्र कुणी सक्ती न करता, घरच्या मोठ्यांकडे बघून, तिखट मागू लागत. तीच मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्याला लागली. आज ठेच्याशिवाय भाकरी न उतरणारी सगळी घरं ही त्या शिकण्याची उदाहरणं आहेत.

रोझिन यांचा एक छोटा अभ्यास आणखी सांगण्यासारखा आहे. स्मृती गेलेल्या दोन रुग्णांना त्यांनी दुपारचं जेवण दिलं. थोड्या वेळानं पुन्हा जेवण आणलं. आधीचं जेवण आठवत नसल्यानं ते पुन्हा जेवले. १९९८मध्ये हे प्रसिद्ध झालं. पोट भरलं हे कळायला पोटाबरोबर आठवणही लागते.

इतक्या रंजक निष्कर्षांनी भरलेल्या क्षेत्रात एखादा लोकप्रिय तारा उगवणं साहजिक होतं. कॉर्नेल विद्यापीठातले ब्रायन वॉन्सिंक हे तो तारा. सूपाच्या वाडग्याला खालून नळी जोडायची आणि तो गुपचूप भरत ठेवायचा. लोक ७३ टक्के जास्त सूप पितात, हा त्यांचा २००५चा निष्कर्ष जगभर पोचला. २००७ ते २००९ या काळात ते अमेरिकी कृषी खात्याच्या पोषण धोरण केंद्राचे प्रमुख होते. शाळांच्या भोजनगृहांत छोटे बदल करण्याची त्यांची मोहीम हजारो शाळांत पोचली.

२०१६च्या नोव्हेंबरात त्यांनी एका विद्यार्थिनीच्या कष्टाळूपणाचं जाहीर कौतुक केलं. एका पिझ्झाच्या उपाहारगृहातली आकडेवारी पडून होती, अपेक्षित निष्कर्ष निघाला नव्हता; तिनं ती पुन्हा पुन्हा पिंजून त्यातून अनेक शोधनिबंध काढले, असं त्यांनी लिहिलं. वाचणाऱ्या संख्याशास्त्राच्या जाणकारांच्या मनात पाल चुकचुकली. जाळं टाकत राहिलं की योगायोगानं काहीतरी लागतंच, आणि तो योगायोग मग निष्कर्ष म्हणून छापला जातो. टिम व्हान डर झी, जॉर्डन अनाया आणि निक ब्राऊन या तिघांनी पिझ्झाचे चार निबंध तपासले आणि सुमारे १५० विसंगती काढल्या.

त्यांची एक कसोटी शाळेतल्या गणिताची होती. दहा माणसांनी पूर्णांकात उत्तरं दिली असतील, तर सरासरी ३.४ येईल, ३.५ येईल, ३.४५ येऊच शकत नाही. निबंधांत अशा अशक्य सरासऱ्या छापलेल्या होत्या. पुढे आणखी निघालं. सफरचंदावर कार्टूनचं चित्र चिकटवलं तर ८ ते ११ वयाची मुलं ते घेतात असं सांगणाऱ्या निबंधातली मुलं प्रत्यक्षात ३ ते ५ वर्षांची होती. २०१८च्या सप्टेंबरात अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकांनी त्यांचे सहा निबंध एकदम मागे घेतले. पाठोपाठ कॉर्नेलनं शैक्षणिक गैरवर्तनाचा ठपका जाहीर केला: माहिती चुकीची मांडणं, संख्याशास्त्राच्या सदोष पद्धती, कच्च्या नोंदी न जपणं. त्यांनी राजीनामा दिला. आपण हेतुपुरस्सर काही केलं नाही, असं त्यांचं म्हणणं राहिलं.

याचा सर्वांत मोठा तोटा त्या शाळांचा झाला, ज्यांनी विश्वासानं भोजनगृहं बदलली. खाण्याच्या अभ्यासातलं सगळंच खोटं निघालं, असं मात्र नव्हे. वाढप मोठं असलं की माणूस जास्त खातो, हे बार्बरा रोल्स यांनी २००२मध्ये मॅकरोनीच्या लहानमोठ्या थाळ्या देऊन मोजलं होतं. सर्वांत मोठ्या थाळीतून लोकांनी ३० टक्के जास्त ऊर्जा घेतली आणि निम्म्याहून अधिकांना थाळ्यांतला फरक जाणवलाही नाही. कॉक्रेन या संस्थेच्या २०१५च्या आढाव्यानं ७२ अभ्यास एकत्र करून तेच सांगितलं. या क्षेत्रात आता प्रयोगाआधीच आपण काय मोजणार आणि कसं, हे नोंदवून ठेवण्याची आणि कच्ची आकडेवारी सर्वांसाठी खुली करण्याची पद्धत रुजते आहे. निष्कर्ष त्यामुळे छोटे दिसतात. ते छोटेच असतात.

मिनेसोटातल्या रिचफिल्ड गावच्या प्राथमिक शाळेत मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग असाच आहे. जेवणाच्या ट्रेच्या दोन कप्प्यांत त्यांनी गाजरांचं आणि फरसबीचं छायाचित्र चिकटवलं, म्हणजे ही भाजी इथे ठेवायची असते, सगळे ठेवतात, असं मुलाला वाटावं. फरसबी घेणारी मुलं ६.३ टक्क्यांवरून १४.८ टक्क्यांवर गेली, गाजर घेणारी ११.६ वरून ३६.८ टक्क्यांवर. २०१२मध्ये हे छापून आलं. वाढ दुपटीहून जास्त आहे, आणि तरी १०० पैकी ८५ मुलांनी फरसबीला हात लावलेला नाही. म्हणून गटानं पुढचा प्रयोग आखला. चमचमीत पदार्थ शेजारी असले की भाजी हरते, हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा ट्रे हातात यायच्या आधीच, मुलं भुकेली बसलेली असताना, टेबलांवर गाजरांचे छोटे पेले ठेवून दिले. मुलांनी आधीपेक्षा जास्त गाजरं खाल्ली.